नोंद आपली, किल्लीही आपली

२०१९ च्या ऑगस्टमधील महापूर शिरोळ तालुक्यातील कोणीही विसरणार नाही. कृष्णा आणि पंचगंगा एकाच वेळी फुगल्या की नृसिंहवाडीच्या संगमापाशी पाणी तुंबते आणि मागे गावांत शिरू लागते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्या वर्षी ते आमच्या जुन्या घराच्या उंबऱ्याच्या आत आले. आम्ही माणसे बाहेर काढली, जनावरे हलवली, धान्याची पोती आणि दागदागिने माडीवर नेले. भिंतीतील लाकडी कपाटाची आठवण मात्र कोणालाच झाली नाही. त्या कपाटात माझ्या एकतीस वर्षांच्या डायऱ्या होत्या.

पाणी ओसरल्यावर कपाट उघडले, तेव्हा पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. शाईने लिहिलेले सारे निळ्या डागांत विरघळून गेले होते. तसे पाहिले तर त्या डायऱ्यांत मौल्यवान असे काही नव्हते. कोणत्या वर्षी कोणत्या तुकड्यात को ८६०३२ उसाची लागण केली, विहिरीला किती फुटांवर पाणी लागले, घराच्या पायासाठी किती दगड आला, मुलीच्या तापावर डॉक्टरांनी कोणते औषध दिले होते, बँकेच्या तपासणीत कोणती चूक सापडली, अशा त्या नोंदी. पण घर चालते ते अशाच नोंदींवर, हे त्या गेल्यानंतर कळले.

थोरला मुलगा पुण्याहून मदतीला आला होता. तो म्हणाला, "आप्पा, कागदाला पाणी लागतं. आता मोबाईलमध्ये लिहीत जा. नोंद कुठंही जात नाही." त्याने एक नावाजलेले विनामूल्य ॲप माझ्या मोबाईलमध्ये घालून दिले. माझी आई तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. सायंकाळी ती सोप्यात बसून जुन्या गोष्टी सांगे आणि मी त्या मोबाईलवर टिपून ठेवू लागलो. कोणत्या आत्याला कोणत्या गावी दिले, चुलत पणजोबा बेळगावकडे का गेले, मेतकुटात कोणती डाळ किती घालायची, कोणत्या शेताच्या बांधावरून कोणाशी बोलणे बंद झाले होते. जुनी छायाचित्रे समोर ठेवून ती एकेक नाव सांगे. मी छायाचित्राचा फोटो काढून नोंदीला जोडत असे. अशा ४१२ नोंदी झाल्या. २०२२ मध्ये आई गेली.

पुढे एके दिवशी त्या ॲपने विनामूल्य वापरावर मर्यादा घातली. मी नोंदी बाहेर काढून दुसरीकडे नेण्याचे ठरवले. फाईल मिळाली, पण ती दुसऱ्या ॲपमध्ये उघडली तेव्हा मजकूर आला, छायाचित्रे मागे राहिली आणि सर्व ४१२ नोंदींवर एकच तारीख पडली, ती म्हणजे मी नोंदी बाहेर काढल्याच्या दिवसाची. आईने कोणती गोष्ट कधी सांगितली, हे पुसले गेले. ज्याने उभी हयात बँकेत काढली, त्याला तारीख नसलेली नोंद म्हणजे सही नसलेला धनादेश वाटतो.

त्या ॲपचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. चूक माझी होती. खाते उघडताना खाते बंद करण्याचे नियम विचारणारा ग्राहक मी नोकरीत क्वचितच पाहिला. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मीही इतरांसारखाच निघालो. त्यानंतर मात्र मी हा विषय कर्जप्रकरणाची छाननी करावी तसा अभ्यासला. त्यातून जे हाती आले ते आपल्या वाचक कुटुंबांपुढे ठेवतो.

मुक्त म्हणजे काय आणि फुकट म्हणजे काय

कोणतेही ॲप म्हणजे मुळात प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर असतो. त्यास सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या तो गुपित ठेवतात. ज्या ॲपचा हा मजकूर सर्वांसाठी खुला असतो आणि परवान्याच्या अटींनुसार जो कोणालाही वाचता, वापरता, सुधारता आणि पुढे देता येतो, त्यास ओपन सोर्स, म्हणजेच मुक्तस्रोत ॲप म्हणतात. या चळवळीची पायाभरणी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पाने झाली. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ मध्ये रूढ झाले.

घरगुती उदाहरण द्यायचे तर, एखाद्या दुकानातून आपण वर्षानुवर्षे मेतकूट आणतो. त्याची कृती दुकानदारालाच ठाऊक असेल तर दुकान बंद झाले की ती चवही संपते. कृती पाकिटावर छापलेली असेल तर दुकान राहो न राहो, कोणीतरी ते मेतकूट पुन्हा करू शकते. शिवाय आत काय घातले आहे, हेही तपासता येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फुकट आणि मुक्त हे समानार्थी शब्द नाहीत. फुकट ॲप पूर्ण कुलूपबंद असू शकते. आणि मुक्तस्रोत ॲपचा कर्ता सेवेसाठी रास्त पैसेही घेऊ शकतो. आपल्या व्यापारी मंडळींना जवळचे उदाहरण म्हणजे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे 'ईआरपीनेक्स्ट'. हिशेब, माल, खरेदी-विक्री सांभाळणारे हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. ज्यास जमते तो स्वतः बसवून घेतो, ज्यास जमत नाही तो पैसे देऊन सेवा घेतो. भारत सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हा हा हौशी तरुणांचा छंद आहे, असे समजण्याचे कारण नाही.

मराठी लिहिणाऱ्यांना कुलूपबंद पेटीचा अनुभव फार जुना आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण संगणकावर ज्या त्या कंपनीच्या फाँटमध्ये मराठी टंकलिखित करत होतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाईल उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांची गिचमीड दिसे. संस्थांच्या कितीतरी स्मरणिका, सभावृत्तांत आणि देणगीदारांच्या याद्या अशा फायलींत अडकून पडल्या. मजकूर आपला होता, परंतु तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याकडे होती. युनिकोड हे सर्वांसाठी खुले असलेले मानक आले आणि एका यंत्रावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर सरळ वाचता येऊ लागले. नोंदींच्या ॲपबाबत प्रश्न हाच आहे.

मोठी घरेही बंद होतात

"एवढी मोठी कंपनी आहे, ती कुठे जाते?" असे आपण म्हणतो. बँकिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाने तरी तसे म्हणू नये. इंटरनेटवर वाचनखुणा, म्हणजे बुकमार्क, साठवण्याची 'डिलिशस' ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. २००५ मध्ये ती याहूने घेतली. पुढे तिचे मालक बदलत गेले आणि २०१७ मध्ये प्रतिस्पर्धी 'पिनबोर्ड'ने ती विकत घेतली. 'गूगल रीडर' १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. 'गूगल बुकमार्क्स' २०२१ मध्ये बंद झाले. नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'एव्हरनोट'ने डिसेंबर २०२३ मध्ये विनामूल्य खात्याला ५० नोंदींची मर्यादा घातली. आणि लेख नंतर वाचण्यासाठी राखून ठेवणारे, २००७ पासून चालत आलेले 'पॉकेट' हे मोझिला या प्रतिष्ठित संस्थेने ८ जुलै २०२५ रोजी बंद केले. वापरणाऱ्यांना आपल्या दुव्यांची यादी उतरवून घेण्यासाठी काही महिन्यांची मुदत मिळाली. ज्यांनी सूचना वाचली त्यांनी यादी घेतली.

यात कोणी कोणाला फसवले, असे नाही. धंदा परवडेनासा झाला की दुकान बंद होते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार? मात्र व्यापाऱ्याच्या कागदपत्रांचे आयुष्य अशा दुकानांपेक्षा मोठे असते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. जमिनीचे आणि वाटणीचे कागद तर पिढ्यान्‌पिढ्या लागतात.

तर मग मुक्तस्रोत घेतले की प्रश्न मिटला काय? नाही. 'ऑम्निव्होर' हे लेख साठवण्याचे ॲप पूर्णपणे मुक्तस्रोत होते, लोकप्रियही होते. २०२४ च्या अखेरीस ते चालवणारी मंडळी दुसऱ्या कंपनीत गेली आणि नोव्हेंबरमध्ये सेवा बंद झाली. फरक एवढाच पडला की सोर्स कोड खुला असल्याने ज्यांना तांत्रिक ज्ञान होते, त्यांना ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्याचा मार्ग उरला. सामान्य वापरकर्त्याला मात्र आपल्या नोंदी उचलून निघावेच लागले. म्हणून मुक्तस्रोत ही पात्रतेची पहिली अट समजावी; छाननी तेथून सुरू होते.

ॲप निवडताना विचारायचे पाच प्रश्न

पहिला प्रश्न: नोंद कोणत्या रूपात राहते? साधा मजकूर किंवा 'मार्कडाउन' हे रूप उत्तम. मार्कडाउन म्हणजे साधाच मजकूर. मथळ्यासाठी आरंभी एक चिन्ह, ठळक अक्षरांसाठी दोन तारका, एवढेच. कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साध्या साधनाने तो उघडतो.

दुसरा प्रश्न: बाहेर पडता येते काय? आत येण्याची वाट प्रत्येक ॲप दाखवते. बाहेर पडण्याची आपण शोधावी. पहिल्याच दिवशी दहा खोट्या नोंदी करा. त्यांतील एकीला मराठी मथळा द्या, एकीला छायाचित्र जोडा, एकीत याद्या करा. मग सर्व बाहेर काढून दुसऱ्या ॲपमध्ये उघडून पाहा. मजकूर, छायाचित्र आणि तारीख, तिन्ही शाबूत आली तरच पुढे जा. या चाचणीला अर्धा तास लागतो. मी तो अर्धा तास दिला नाही.

तिसरा प्रश्न: कुलूप कोणाच्या किल्लीचे? काही ॲपमध्ये नोंद आपल्या मोबाईलवरच सांकेतिक लिपीत बंद होते आणि किल्ली आपल्याकडेच राहते. यास 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' म्हणतात. मग सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही ती वाचता येत नाही. हे बँकेच्या लॉकरसारखे आहे: जागा बँकेची, आतील वस्तू आपली.

चौथा प्रश्न: चालवणाऱ्याचा खर्च कसा भागतो? देणग्या, वर्गणी, सशुल्क सेवा यांपैकी काहीतरी स्पष्ट दिसले पाहिजे. ज्या कर्जदाराचे उत्पन्न कळत नाही, त्याला आपण कर्ज देत नाही.

पाचवा प्रश्न: अजून कोणी काम करत आहे काय? ॲपची शेवटची सुधारणा केव्हा झाली, ते पाहावे. दोन-तीन वर्षे हातच लागलेला नसेल, तर सोर्स कोड कितीही खुला असला तरी ते घर रिकामे समजावे.

नोंदींसाठी काय निवडावे

या कसोट्यांवर घासून मी 'जॉप्लिन' निवडले. ते मुक्तस्रोत असून विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन यांवर चालते. नोंदी मार्कडाउनमध्ये राहतात. मोबाईल व संगणक यांच्यातील जुळणीसाठी ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, नेक्स्टक्लाउड किंवा त्यांची स्वतःची सशुल्क सेवा, यांतील हवे ते निवडता येते. संगणकावर नोंदी बाहेर काढताना दोन पर्याय लक्षात ठेवावेत. 'जेईएक्स' ही सर्व काही एकत्र बांधणारी फाईल. ती पुन्हा जॉप्लिनमध्येच उघडण्यासाठी उत्तम. दुसरा 'मार्कडाउन व फ्रंट मॅटर'. यात प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर ती केव्हा लिहिली, ती तारीखही उतरते. माझ्या दृष्टीने हा दुसरा पर्यायच निर्णायक ठरला.

दोषही सांगितले पाहिजेत. यातील एन्क्रिप्शन आपण सुरू करावे लागते. आपोआप होत नाही. तेच टिपण मोबाईलवर व संगणकावर जुळणी होण्यापूर्वी बदलले, तर दोन्ही प्रती राहतात आणि वादाची नोंद म्हणून एक वेगळी ठेवली जाते. ती आपणच पाहून मिटवावी लागते. सजावट बेताची आहे. आमच्या घरी सौभाग्यवतींनी ते चार दिवस वापरून परत केले. "मला दूध आणि किराणा लिहायचा आहे, ऑडिट करायचे नाही," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. दोन दिवसांत फाडून टाकायच्या यादीला फडताळातील पाटी किंवा मोबाईलमधील कोणतेही साधे ॲप पुरते.

ज्यांना गोपनीयता अधिक हवी, त्यांनी 'स्टँडर्ड नोट्स' पाहावे. तेही मुक्तस्रोत आहे, त्यात एन्क्रिप्शन आरंभापासूनच असते, आणि २०२४ मध्ये ते प्रोटॉन या कंपनीत सामील झाले. विनामूल्य खात्यात मुख्यतः साधा मजकूर लिहिता येतो. तरुण मंडळींत 'ऑब्सिडियन' लोकप्रिय आहे. ते मुक्तस्रोत नाही. पण त्यातील नोंदी आपल्याच संगणकावर मार्कडाउन फायलींत राहतात, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांना ते उत्तीर्ण होते. 'गूगल कीप' मुक्तस्रोत नाही. तथापि गूगलच्या 'टेकआउट' सेवेतून त्यातील नोंदी उतरवता येतात. जे कीप सोडू इच्छित नाहीत, त्यांनी निदान वर्षातून एकदा ते करावे.

आणि जे स्वतःच्याच क्रमांकावर व्हॉट्सॲप करून नोंदी ठेवतात, त्यांना काय म्हणावे? बाजारपेठेत हीच रीत सर्वांत जास्त दिसते. मालाचा भाव, ट्रकचा क्रमांक, पावतीचा फोटो, सारे एका रांगेत. आजचा दिवस भागतो; पण दोन वर्षांनी तीच पावती शोधताना कच्च्या चिठ्ठ्यांच्या पोत्यात हात घातल्यासारखे होते. कच्च्या चिठ्ठीवरून कीर्द आणि कीर्दीवरून खतावणी करण्याची शिस्त ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्याने ती मोबाईलवरही पाळावी. आठवड्यातून एकदा त्यांतील राखण्याजोगे ते योग्य वहीत उतरवावे.

वाचनखुणांचे काय

बुकमार्कसाठी बहुतेकांना वेगळे ॲप लागत नाही. फायरफॉक्स हा ब्राउझर मुक्तस्रोत आहे. त्यातील बुकमार्क एका एचटीएमएल फाईलमध्ये उतरवता येतात आणि ती फाईल प्रचलित ब्राउझर वाचतात. ज्यांना दुकानात एक आणि घरी दुसरा ब्राउझर वापरावा लागतो, त्यांच्यासाठी 'फ्लॉकस' हे मुक्तस्रोत साधन दोन्हीकडील खुणा जुळवून ठेवते. लेखाचा मजकूरच साठवायचा असेल तर 'वॉलाबॅग' आहे; त्यासाठी मात्र स्वतःचा सर्व्हर किंवा वार्षिक वर्गणी लागते. 'लिंकडिंग' आणि 'लिंकवॉर्डन' हीही चांगली साधने आहेत, पण घरात संगणकाची जाण असलेले तरुण असतील तरच त्यांच्या वाटेला जावे.

केवळ दुवा राखणे पुरेसे नसते. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली असलेल्या वेबपृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दशकभरानंतर उपलब्ध नव्हती. दुवा म्हणजे पत्ता. माणूस घर सोडून गेला तर पत्त्याचा उपयोग काय? म्हणून शासकीय परिपत्रक, नियम किंवा महत्त्वाचा लेख असेल तर त्याची पीडीएफ प्रत लगेच उतरवून नोंदीला जोडावी.

माझ्या खुणांची संख्या मी मुद्दाम थोडी ठेवली आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याची पातळी दाखवणारे पान त्यांत पहिले आहे. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, हे आकडे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्याखाली धरणांच्या विसर्गाची माहिती, सातबाऱ्याचे संकेतस्थळ, कृषी पणन मंडळाचे बाजारभाव, जीएसटीचे पोर्टल आणि बँकेचे पान. या शेवटच्या दोहोंबाबत निवृत्त बँक अधिकारी म्हणून एक आग्रह करतो. बँकेचे पान दर वेळी नाव टाकून शोधू नका. शोधात खऱ्यासारखी दिसणारी बनावट पाने आणि 'ग्राहक सेवा' म्हणून भामट्यांचे क्रमांक सापडतात. पासबुकावर किंवा शाखेत लिहिलेला पत्ता एकदा अचूक टाकून त्याची खूण करा आणि नेहमी त्याच खुणेवरून जा. कोणी फसवलेच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवा.

काय लिहू नये, आणि किल्ली कोणाकडे द्यावी

नोंदींच्या ॲपमध्ये एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड, ओटीपी यांतील काहीही लिहू नये. पासवर्डसाठी 'कीपासएक्ससी'सारखे स्वतंत्र मुक्तस्रोत साधन वापरावे. ॲप घेतानाही सारख्या नावाच्या बनावट ॲपपासून जपावे. त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरील दुव्यावरूनच ते घ्यावे.

मात्र कुलूप पक्के असले की दुसरा धोका उभा राहतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेल्या ॲपचा पासवर्ड आपण विसरलो, तर त्या नोंदी कोणीही उघडू शकत नाही. ॲपचा कर्ताही नाही. आणि आपणच नसलो तर? खातेदार अकस्मात गेल्यावर कुटुंबीयांची होणारी धावपळ मी काउंटरच्या अलीकडून पुष्कळ वेळा पाहिली आहे. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असतात. घरातही तसेच करावे. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, मृत्युपत्र व विम्याच्या कागदांसोबत ठेवावा आणि ते पाकीट कोठे आहे, हे घरातील एका विश्वासू व्यक्तीला सांगावे. ठेवीवर नामनिर्देशन करतो, तसे हे नोंदींचे नामनिर्देशन.

प्रतींचाही नियम आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपणांस यातील तिसरा भाग विशेष लागू आहे. आपल्या समाजाला प्रतीचे मोल वेगळे सांगायला नको. धवलेची ताडपत्रे दीर्घकाळ मूडबिद्रीत केवळ दर्शनापुरती राहिली. त्यांच्या प्रती झाल्या आणि त्या बाहेर आल्या, म्हणूनच १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध होऊ शकला.

मी दर महिनाअखेरीस, पूर्वी ताळेबंद जुळवत असे त्याच दिवशी, सर्व नोंदी बाहेर काढतो. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर माडीवरच्या कपाटात, एक मुलाकडे पुण्यात. सारे मिळून पंधरा मिनिटांचे काम आहे.

राहता राहिल्या आईच्या ४१२ नोंदी. त्या काळात मी एखादी गोष्ट आवडली की तीच बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवत असे. गेल्या दिवाळीत ती माहेरी आली, तेव्हा आम्ही दोघे चार दिवस सोप्यात बसलो. तिच्या मोबाईलवरील संदेशांच्या तारखा पाहून एकेक नोंद जुळवत गेलो. काही छायाचित्रेही तिच्याकडे सापडली. २६० नोंदींना त्यांची खरी तारीख परत मिळाली. उरलेल्या १५२ नोंदींच्या माथ्यावर मी 'तारीख उपलब्ध नाही' असे लिहून ठेवले आहे. अंदाजाने तारीख घालण्याची सवय आम्हां बँकवाल्यांना नाही.

पाडव्याला वहीपूजन झाले, त्या वेळी बहीण म्हणाली, "दादा, ह्या नोंदी माझ्याकडंपण राहू देत." मी तिला पेन ड्राइव्ह दिला. आता चौथी प्रत इचलकरंजीत आहे.